हाडबोडीवर टोपी का काढतात

टेंभरगोटा गावाच्या उगवतीला एक तळं आहे. या भागात लहान तळ्याला बोडी म्हणतात, आणि या बोडीला हाडबोडी. नाव ऐकून पाहुणे नाक मुरडतात, पण पाणी गोड आहे आणि भर मे महिन्यातही तळाला जात नाही. आकार मात्र चमत्कारिक. एरवी बोडी म्हणजे एका बाजूला मातीची पाळ आणि बाकी पसरट उतार. ही घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे. मधोमध करड्या-तांबड्या चिकणमातीचा एक उंचवटा जिभेसारखा आत शिरलेला, आणि पाणी त्याच्या तिन्ही अंगांनी. त्या उंचवट्यावर कोणी नांगर घालत नाही, गुरं सोडत नाही, बोरं वेचायलाही जात नाही. खोदणाऱ्यांना सरळ खोदता येत नव्हतं, अशातला भाग नाही. मुद्दाम वळसा घालून खोदलेली बोडी आहे ही.

हल्ली दरवर्षी नागपूरकडून अभ्यासकांची एखादी गाडी येतेच. पोरापोरींच्या पाठीवर पिशव्या, हातात छिन्न्या, कुंचले, भिंगं. त्यांना बोडीवर नेण्याचं काम बकारामजींचं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस एरवी मोठा मिश्कील. कोणाच्या टोपीला टोपली म्हणेल, कोणाच्या बुटांना नांगराचे फाळ म्हणेल. पण पाळीवर पाऊल पडलं की त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी हातात येते आणि चेष्टा बंद होते. पाळीवर मोहाचं एक मोठं झाड आहे, त्याची सावली सोडून ते उन्हात जाऊन उभे राहतात. गोष्ट संपेपर्यंत खाली बसत नाहीत आणि कोणाला उंचवट्याकडे जाऊ देत नाहीत. एकदा एका पोरीनं दया येऊन त्यांच्यावर छत्री धरली, तर ते चार पावलं बाजूला सरकले.

गोष्ट त्यांच्याच घराण्याची आहे, आणि घराण्याच्या फुशारकीची नाही. ती अशी सांगतात.

गोंड राजांच्या काळात म्हणे टेंभरगोट्यात उरकुडा नावाचा हाडवैद्य होता. मोडलेलं हाड बसवावं तर उरकुड्यानंच. बारा गावांची माणसं त्याच्या दारी येत. झाडावरून पडलेले, बैलानं उडवलेले, कोणी बाजेवर, कोणी गाडीत गवतावर निजवलेले. उरकुडा डोळे मिटायचा, तळहात दुखऱ्या जागेवरून एकदा फिरवायचा आणि हाड कुठं, कसं, किती सरकलं ते सांगायचा. मग एक हिसका, रोग्याची एक किंकाळी, आणि हाड जाग्यावर. वर मेदालकडीच्या सालीचा लेप, बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या. त्याच्या बापानं मरताना त्याला एकच गोष्ट बजावली होती. आपण बांधलेली पट्टी आपल्याच हातानं सोडायची. ती सुटेपर्यंत रोगी आपल्या ओसरीवरून हलता कामा नये, मग तो राजा असो की भिकारी.

उरकुडा हे पाळत आला होता. त्याच्यात खोट एकच होती. विचारलं आणि उत्तर दिलं नाही, असं त्याच्याकडून कधी होत नसे. पाऊस कधी येईल, बैल का खात नाही, वरच्या गावचा झरा आटला तो कशानं, लोक सगळं त्यालाच विचारत आणि तो सगळ्याचं सांगत असे. लोकांनीच त्याला डोक्यावर बसवला होता, आणि तिथून खाली उतरायची वाट त्याला ठाऊक नव्हती.

टेंभरगोट्याला तेव्हा पाणी नव्हतं. बाया उन्हाळाभर नदीवर जात, दोन कोस जाणं आणि दोन कोस येणं. शेवटी गावानं बोडी खोदायचं ठरवलं आणि तळी खोदणाऱ्या वडारांची पालं उगवतीच्या माळावर पडली. त्यांत मल्लक्का आणि तिचा नवरा पोशन्ना होते. मल्लक्काचं वय तिशीचं. कुदळीच्या आवाजावरून खाली मुरूम आहे की खडक, हे ती ओळखायची. काम सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील, माती कापताना दरड कोसळली आणि पोशन्नाच्या नडगीचं हाड मोडलं. त्याला उरकुड्याच्या ओसरीवर आणलं. उरकुड्यानं हाड असं बेमालूम बसवलं की पोशन्ना किंचाळायचंही विसरला. "चाळीस दिवस हलू नको," उरकुडा म्हणाला. "एक्केचाळीसाव्या दिवशी कुदळ हातात घेशीन."

पोशन्ना ओसरीवर निजून राहिला. उरकुड्याची बायको भिवरा त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर वाढायची. मल्लक्का एकटी नवऱ्याच्या वाट्याचंही खोदायची.

पट्टी बांधल्याच्या बाराव्या दिवशी मल्लक्काची कुदळ वेगळी वाजली.

तिनं कुदळ ठेवली आणि हातानं माती काढली. आधी गोळा दिसला, घागरीएवढा. मग गोळ्याची मान, मग दांडा. दुपारपर्यंत उघडं पडलं ते दगड झालेलं हाड होतं, पुरुषभर उंचीचं आणि मोहाच्या खोडाएवढं जाड. खोदणारे बाजूला झाले. गाव गोळा झालं. पाटलानं उरकुड्याला बोलावणं धाडलं.

उरकुडा आला. लोकांनी वाट दिली. त्यानं डोळे मिटले आणि त्या गोळ्यावरून तळहात फिरवला. हजार माणसांच्या मांड्या त्या हाताखालून गेल्या होत्या. खुब्यात बसणारा गोळा, त्याखालची मान, बाहेरच्या अंगाचा उंचवटा, सगळं हाताला ओळखीचं लागलं. हातानं खोटं सांगितलं नव्हतं. ते मांडीचंच हाड होतं. पण त्या हातानं जन्मभर फक्त माणसांचीच हाडं चाचपली होती.

"मांडीचं हाड हाय," उरकुडा म्हणाला. "उजव्या पायाचं. ठेवण माणसाची हाय, पन माप माणसाचं नाही. हा राक्षस होय."

गर्दी एक पाऊल मागं सरली. इथं तो थांबला असता तरी भागलं असतं. कोणीतरी मागून विचारलं, "हा खात काय होता, वैद्यजी?"

लोक तोंडाकडे पाहत होते. उरकुडा म्हणाला, "माणसं."

हे त्याच्या हातानं सांगितलं नव्हतं, तोंडानं सांगितलं होतं. घरी जाताना त्याला ते जरा टोचलं, पण गावात त्या दिवशी जो तो त्याचंच नाव घेत होता, त्यात टोचणी बुजून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लक्का उरकुड्याच्या परसात आली. पदरात काहीतरी बांधलेलं होतं. ती चावडीवर गेली नाही, पाटलाकडे गेली नाही, सरळ त्याच्याकडे आली. तिला त्याला खोटं पाडायचं नव्हतं. त्याचं त्यानंच सुधारून सांगावं, एवढ्यासाठी ती आली होती.

तिनं पदर सोडला. आत तीन वस्तू होत्या. पहिला एक दात, करंगळीएवढा, काडीसारखा सरळ, टोकाला तिरपा झिजलेला. दुसरा एक गोल दगड, मधोमध फोडलेला. तिसरी एका जाड कवचाची खापरी, वरून बारीक पुटकुळ्यांची.

"हे पाहा जी," ती म्हणाली. "मी गाढवं पाळते. मांस खानाऱ्याचा दात असा नसते. हा ओरबाडून खानाऱ्याचा होय, पाला नाही तं गवत. आन हा दगड नाही, हे शेन होय. दगड झालं. मी फोडलं तं आत काड्या दिसल्या. हाडाचा तुकडा दिसला नाही." मग खापरी पुढं केली. "असे नारळाएवढे गोल आठ हायत, एका खड्ड्यात. अंडे होत. घोरपड मातीत घालते तसे. वैद्यजी, हा राक्षस नाही. कोनतं तरी जनावर होय, आन गरीब होय."

उरकुड्यानं दात घेतला. झीज पाहिली. शेणाच्या दगडातल्या बारीक काड्या पाहिल्या, कुठंकुठं पानाची शीरसुद्धा उमटलेली होती. ती बोलत होती ते शब्दन् शब्द खरं आहे, हे त्याला पदर सुटला तेव्हाच कळलं होतं. हाडं ओळखणारा माणूस होता तो.

पण काल सगळ्या गावासमोर तो म्हणाला होता, माणसं.

"हा दात नाही," तो म्हणाला. "राक्षसाचं नख होय. तू दगड फोडत जाय, मल्लक्का. हाडाचं मी पाहीन."

मल्लक्का खापरी आणि दगड तिथंच ठेवून निघून गेली. दात उरकुड्याच्या मुठीत राहिला. तो त्यानं कमरेच्या कनवटीला खोचला.

गावात तोवर भीतीनं घर केलं होतं. एका म्हशीनं दूध चोरलं, एका पोराला ताप आला, सगळं राक्षसाच्या नावावर जमा झालं. तिसऱ्या दिवशी पाटलानं बोडीच्या खड्ड्यावरच सभा भरवली. तो म्हणाला, झोपलेल्याला वडारांच्या कुदळीनं उठवलं आहे. खड्डा बुजवायचा, हाड फोडायचं आणि ज्यांनी उठवलं त्यांनी आजच्या आज शीव सोडायची.

मल्लक्का गर्दीतून पुढं आली. "पाटीलजी, हे गवत खानारं जनावर होय," ती म्हणाली. "दात सापडला हाय. मी वैद्यजीच्या हातात देल्ला. त्याईले विचारा."

सगळ्यांनी उरकुड्याकडे पाहिलं. कनवटीला खोचलेला दात त्याच्या पोटाला रुतत होता. वाकला असता तर जास्त रुतला असता, म्हणून तो ताठ उभा होता. लोकांना वाटलं, वैद्य किती निश्चयानं उभा आहे.

"कोनता दात?" उरकुडा म्हणाला.

एवढेच दोन शब्द. पाटलानं हात झाडला. म्हणे मल्लक्का रागावलीसुद्धा नाही. तिनं फक्त मान खाली घातली, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती. उरकुड्याला पुढं आयुष्यभर तिची ती खाली गेलेली मान दिसत राहिली.

पालं उठली. वैशाखाचं ऊन होतं. पोशन्नाला ओसरीवरून उचलून गाडीत घालायला चौघे आले, तेव्हा पट्टी बांधून चौदावा दिवस होता. बापाचं बजावणं उरकुड्याला आठवत होतं. दारात उभं राहून नुसतं "हा माणूस हलणार नाही" म्हटलं असतं, तरी पाटलाची छाती झाली नसती. हाडवैद्याच्या ओसरीचा मान तेवढा होता. पण बाहेर गेलं की मल्लक्काच्या डोळ्याला डोळा द्यावा लागणार. उरकुडा आतल्या खोलीत कामट्या तासत बसला. कोणाला कामट्या हव्या नव्हत्या.

बाहेरून मल्लक्काचा आवाज आला. "वैद्यजी, पट्टी कवा सोडू? कशी सोडू, तेवढं सांगा जी."

उरकुडा उठला नाही. भिवरा बाहेर गेली. अजून सव्वीस दिवस, खालून वर सोडत यायची, पाय उंच ठेवायचा, तिला जेवढं पाहून माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं आणि गाडीत पायाखाली घालायला स्वतःची गोधडी दिली. गाडी हलली. रस्त्याला खडक होते. प्रत्येक दणक्याला उरकुड्याच्या डोळ्यांपुढं ते हाड आतल्या आत सरकताना दिसत होतं. आत येऊन भिवरा एवढंच बोलली, "तुमच्या बापानं काय सांगतलं होतं?"

संध्याकाळच्या आत हाड फोडायचं होतं. पहिला घाव घालायचा मान गावानं उरकुड्याला दिला. ज्यानं जन्मभर हाडं जोडली त्यानं घण उचलला. हाड फुटलं तेव्हा आत बारीक जाळी दिसली, जशी प्रत्येक हाडात असते तशीच. मग बाकीच्यांनी फोडलं. माती ढकलली गेली. अर्धवट खड्डा तसाच राहिला आणि बाया पुन्हा नदीवर जाऊ लागल्या.

यानंतरची तीन वर्षं उरकुडा कसा जगला, ते सांगताना बकारामजींचा आवाज उतरतो. रोगी येत होते, हाडं बसत होती, लोक पाया पडत होते. पाया पडायला कोणी वाकलं की उरकुडा पाय मागं घ्यायचा. लोक म्हणायचे, वैद्य किती साधा झाला आहे. दुपारी गाव सावलीला गेलं की तो खड्ड्यावर जायचा आणि बुजवलेली माती हातानं उकरायचा. फुटलेले तुकडे वेचून एकमेकांना लावून पाहायचा. मोडलेलं जोडणं एवढंच त्याला येत होतं. हळूहळू त्याला ते जनावर दिसायला लागलं. मानेचे मणके एकामागून एक निघाले, बारा, तेरा, चौदा, म्हणजे मान झाडाच्या शेंड्याला लागेल एवढी. शेपूटही तशीच लांब. पाय खांबासारखे चार, दोन नव्हेत. ज्याला तो माणसाची मांडी म्हणाला होता, तो मागचा पाय होता. फाडायला पंजा नव्हता, चावायला सुळा नव्हता. एका बरगडीला मोडून सांधल्याची गाठ होती. त्या काळात तिथं कोणी वैद्य नव्हता, तरी हाड आपल्या आपण सांधलं होतं आणि जनावर पुढं बरीच वर्षं जगलं होतं. उरकुडा ती गाठ हातात घेऊन बराच वेळ बसला, असं सांगतात. जितकं कळत गेलं तितकं त्याचं तोंड लहान होत गेलं. मेलेलं मुकं जनावर इतकं खरं सांगत होतं, आणि तो जिवंत असून दोन शब्द बोलू शकला नव्हता.

तरीही तो गावाला बोलला नाही. आज सांगू, उद्या सांगू, या पिकानंतर सांगू. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या वर्षी तो औषधाच्या साली घ्यायला दूरच्या बाजाराला गेला. बाजाराच्या कडेला एक माणूस बसून खडी फोडत होता. काठी टेकून तो उठला आणि दोन पावलं चालला. उरकुड्याच्या हातातली सालीची मोळी गळून पडली. नडगी बाहेरच्या अंगाला वाकलेली, पाऊल फिरलेलं. तो मोड त्याच्या ओळखीचा होता. त्यानंच बसवलेलं हाड होतं ते, आणि चौदाव्या दिवशी गाडीच्या दणक्यांनी सरकलेलं.

पोशन्नानं त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. लंगडत पुढं येऊन त्यानं दोन्ही हात जोडले. "राम राम वैद्यजी! तुमचा हात लागला म्हून पाय तरी राह्यला, नाही तं कापा लागला असता. वाकडा झाला तो माह्या नशिबानं. आता कुदळ नाही धरता येत, पन बसून खडी फोडतो."

त्यानं शिव्या दिल्या असत्या, काठी उगारली असती, तर उरकुड्याला सोसलं असतं. तो आभार मानत होता. म्हणजे मल्लक्कानं नवऱ्याला त्या दाताचं काहीच सांगितलं नव्हतं. ती मागं खडीच्या ढिगाशी उभी होती आणि उरकुड्याकडे पाहतही नव्हती. भर बाजारात तिथंच उरकुड्याला रडू कोसळलं. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

"मल्लक्का, गावात चाल," तो म्हणाला. "बोडी खोदायची हाय."

"कोनाच्या बोलन्यावर?"

"माह्या."

"तुमच्या बोलन्यावरच तं गेलो होतो जी," ती म्हणाली आणि पुन्हा हातोडी उचलली.

उरकुडा चालत गावी आला आणि घरी न जाता खड्ड्यावर गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याकरवी गावाला हाका घातल्या. कोणाचा तरी हात-पाय मोडला असेल या समजुतीनं माणसं धावत आली. उरकुड्यानं डोक्याचा फेटा उतरवून खाली ठेवला आणि कनवटीचा दात तळहातावर घेतला. त्या चार वर्षांत तो त्यानं एक दिवसही घरी ठेवला नव्हता.

"हा तो दात," तो म्हणाला. "मल्लक्कानं मले देल्ला होता. तुम्ही विचारलं, मी म्हणलो कोनता दात. तवा तो माह्या कंबरेले होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. हे जनावर काय होतं, काय खात होतं, त्याची मान केवढी होती, अंडी कुठं आहेत. आपण काय म्हणालो आणि का म्हणालो. चार वर्षांत बाया किती वेळा नदीवर गेल्या आणि कोणाच्या लाजेपायी गेल्या. पोशन्नाचा पाय कसा वाकला आहे, ते त्यानं स्वतःच्या पायावर हात ठेवून दाखवलं. ऊन चढत होतं. तो सावलीला गेला नाही.

कोणीतरी हसलं. पाटील म्हणाला, "झालं गेलं, आता कायले उकरता, वैद्यजी?" पण बोलताना त्यानं खड्ड्याकडे पाहिलं नाही. पाटलाला, सगळ्यांनाच आठवत होतं की घण एकट्या उरकुड्यानं मारला नव्हता. तिचं ऐकून घ्यावं असं कोणा एकालाही त्या दिवशी वाटलं नव्हतं. माणसं एकेक करून गेली. भिवरा तेवढी थांबली. तिनं फेटा उचलला, पण त्याच्या डोक्यावर ठेवला नाही, हातातच धरला.

गाव मग वडारांना आणायला गेलं. उरकुडा पुढं, पाटील मागं. मल्लक्कानं पोशन्नासमोरच उरकुड्याला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. पोशन्नानं ऐकलं. त्यानं जोडलेले हात हळूच सोडले, एवढंच म्हणे. तो टेंभरगोट्यात पुन्हा कधी आला नाही.

मल्लक्का आली. माणसं घेऊन आली आणि बोडी पुरी खोदून दिली, पण हाडांना आणि अंड्यांना वळसा घालून, नालासारखी. तिथं कुदळ लावू नका म्हणाली. पहिल्या पावसात बोडी भरली. निघताना उरकुड्यानं तिला विचारलं की आता मी काय करू. पाया पडतो म्हणाला, तर तिनं पाय मागं घेतले.

ती म्हणाली, "गावाले सांगून काय होते जी? गाव तं तुमचंच. आमी इथून निघालो तं आमच्या आधी तुमची गोष्ट पोचली. वाटेवरच्या गावाईनं आम्हाले राक्षस उठवनारे म्हणलं, पान्याले शिवू देल्लं नाही, दोन वर्ष कोनी काम देल्लं नाही. त्या लोकाइले कोन सांगन? बाहेरून जो येईन त्याले सांगा. उभं राहून, उघड्या डोक्यानं. तुम्ही सांगा, तुमच्या मागं तुमचे लेकरं सांगतीन."

उरकुड्यानं मरेपर्यंत सांगितलं. वाटसरू, फकीर, बाजारकरू, राजाचे कारकून, कोणी सुटला नाही. काही जण कंटाळून वाट बदलायचे, तर तो त्या वाटेवर जाऊन उभा राहायचा. मग त्याच्या मुलानं सांगितलं, मग नातवानं.

आजही बकारामजी टोपी हातात घेऊन उन्हात उभे राहतात आणि आपल्या पूर्वजाचं खोटं आपल्या तोंडानं सांगतात. मग अभ्यासकांना उंचवट्यावर नेतात. अभ्यासक भिंग लावून दातावरची झीज पाहतात, शेणाच्या दगडात गवताचे अंश शोधतात, अंड्यांच्या कवचाची जाडी मोजतात. डायनासोर होता म्हणतात, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, पाला-गवत खाणारा. मल्लक्का बरोबर होती म्हणतात. पूर्वी गोष्टीत असं होतं की ते जनावर आई होतं आणि आपल्या अंड्यांपाशी मेलं. अभ्यासकांमधल्या एका बाईंनी सांगितलं की तसं म्हणता येणार नाही. मोठी हाडं एका काळची असतील, अंडी दुसऱ्या काळची असतील. ही जनावरं अंडी पुरून निघून जात असावीत. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे ते नेमके त्याच जागी. बकारामजींनी दुसऱ्या दिवसापासून तेवढा भाग सांगणं सोडून दिलं.

गेल्या वर्षीच्या गाडीतल्या एका मुलीनं गोष्ट संपल्यावर विचारलं, "आजोबा, मल्लक्कानं शेवटी माफ केलं का हो त्यांना?"

बकारामजींनी टोपी अजून डोक्यावर ठेवली नव्हती. "ते आमच्या गोष्टीत नाही, बाई," ते म्हणाले. "माह्या बापालेही वाटे, आज्यालेही वाटे, मलेही वाटते की केलं असन. पन तिनं तसं म्हणलं, असं आमच्या घरात कोनी ऐकलं नाही. म्हून कोनी सांगतलं नाही."